जुन्या कंपोझिट फिलिंगवरची दुरुस्ती वारंवार निखळते, तेव्हा काय तपासावे

पटाशीच्या दाताच्या कोपऱ्यावर पाच-सात वर्षांपूर्वी बसवलेल्या कंपोझिटचा (रेझिन हे प्लास्टिकसारखे द्रव्य आणि काचेचे कण मिळून झालेल्या, दाताच्या रंगाच्या फिलिंगचा) टवका उडतो, किंवा दाढेतल्या फिलिंगची कड फुटून दोन दाढांमध्ये अन्न अडकू लागते. उरलेले फिलिंग घट्ट असते, खाली कीड नसते, दात दुखतही नसतो. अशा वेळी सगळे कंपोझिट उकरून काढण्याऐवजी गेलेला भाग तेवढा भरून घेणे हाच योग्य मार्ग असतो. कारण दाताच्याच रंगाचे फिलिंग काढताना ते कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो हे दिसत नाही, आणि त्या शोधात दर खेपेस थोडे निरोगी इनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण कवच) व डेंटिन (त्याखालचा थर) बरच्या, म्हणजे कोरणाऱ्या फिरत्या टोकाच्या, तोंडी जाते. एफडीआय या जागतिक दंतवैद्यक महासंघाने २००२ साली किमान हस्तक्षेपाचे जे धोरण स्वीकारले, त्यातही सदोष फिलिंग बदलण्याआधी दुरुस्तीचा विचार व्हावा अशीच भूमिका आहे. अडचण त्यापुढे येते. दुरुस्तीचा तुकडा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटून येतो, तो पुन्हा लावला जातो, पुन्हा सुटतो, आणि तिसऱ्या खेपेस रुग्णाचा विश्वासही त्याच्याबरोबर सुटतो.

या तक्रारीवर दवाखान्यांत सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे बाँडिंगची, म्हणजे नवे कंपोझिट चिकटवणाऱ्या पातळ द्रवाची (बाँडची), बाटली बदलणे. नव्या बाटलीने कधीकधी काम होतेही; पण ते बहुतेक वेळा बाटलीमुळे नव्हे, तर नवी वस्तू हाताळताना सूचना वाचून, वेळ मोजून, अधिक काळजीने काम केल्यामुळे होते. दुरुस्ती निखळण्याची कारणे बहुतांशी बाटली उघडण्याच्या आधीच्या टप्प्यांत असतात. जुना पृष्ठभाग ताजा समजून वापरला जातो, तो पुरेसा खरवडला जात नाही, किंवा खरवडल्यानंतर त्यावर लाळ, पाणी अथवा तेल येते. म्हणून पुढे उपायांपेक्षा तपासणीचा क्रम आधी दिला आहे.

आधी तुटलेला पृष्ठभाग पाहावा

रुग्णाने सुटलेला तुकडा आणला असेल तर तो टाकून देऊ नये. दातावरचा आणि तुकड्यावरचा असे दोन्ही पृष्ठभाग हवेने कोरडे करून, भिंगातून किंवा लूप्समधून (डोळ्यांवर लावायच्या भिंगांतून), चांगल्या उजेडात पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते.

दातावरचे जुने कंपोझिट गुळगुळीत आणि तकतकीत दिसत असेल, तुकड्याची आतली बाजूही तशीच त्याचा ठसा घेतल्यासारखी असेल, तर नव्या कंपोझिटने जुन्याला धरलेच नव्हते. याचा अर्थ पृष्ठभाग खरवडला गेला नाही, किंवा बाँड लागण्याआधीच दूषित झाला. जुन्या कंपोझिटवर बाँडचा पातळ, नखाने किंवा प्रोबने (तपासणीच्या टोकदार सळईने) ओरखडता येण्याजोगा थर शिल्लक असेल आणि नवे कंपोझिट त्याच्यावरून सुटले असेल, तर दोष बाँडच्या थरात आहे: त्यातले द्रावक उडून गेले नव्हते, तो साचून जाड झाला होता, किंवा त्याला पुरेसा प्रकाश मिळाला नव्हता. तिसरी शक्यता अशी की सुटलेल्या तुकड्याला जुन्या कंपोझिटचा थर चिकटून आलेला असतो. ही दुरुस्ती वाईट नव्हती. जोड टिकला आणि जुने कंपोझिटच आतून फाटले. इथे बाँडिंग सुधारून काहीही साधणार नाही, जुन्या कंपोझिटचा तो भाग काढून खाली घट्ट थर मिळेपर्यंत जावे लागेल. चौथ्या प्रकारात जोडाची रेषा शाबूत असते आणि नवे कंपोझिट मधूनच मोडलेले असते; तेव्हा थराची जाडी आणि चावा पाहावा.

सुटण्याची वेळही बोलकी असते. दोन-चार दिवसांत सुटलेल्या तुकड्यामागे दूषितपणा किंवा अपुरे क्युअरिंग (प्रकाशाने घट्ट होणे) असते. काही महिने नीट राहून, कडेला तपकिरी रेष उमटून मग सुटलेल्या तुकड्यामागे पाण्याने हळूहळू सैल केलेला जोड असतो. आणि अमुक दिवशी ऊस सोलताना किंवा सुपारी फोडताना गेला असे रुग्ण नेमके सांगत असेल, तर बाँडिंगला दोष देण्याआधी दातावर येणारा भार तपासणे न्याय्य ठरेल.

इथे एक गोष्ट विचारून घ्यावी. काही रुग्ण सुटलेला तुकडा बाजारात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरीच लावून पाहतात आणि ते सांगायला संकोचतात. त्या गोंदाचा पातळ थर जुन्या कंपोझिटवर राहिला असेल तर तो बरने पूर्ण काढावा लागतो. आम्लाने तो जात नाही.

जुने कंपोझिट ताज्यासारखे का वागत नाही

फिलिंग करताना आपण दोन मिलिमीटरच्या थरावर पुढचा थर देतो आणि मध्ये बाँड न लावताही ते एकजीव होतात. प्रकाशाने घट्ट झालेल्या कंपोझिटमध्ये रेझिनच्या रेणूंना एकमेकांशी जोडू शकणाऱ्या दुहेरी बंधांपैकी साधारण ५५ ते ७५ टक्केच जुळलेले असतात. उरलेले मोकळे असतात आणि पुढच्या थरातील रेझिन त्यांच्याशी जोडले जाते. हवेतील ऑक्सिजनमुळे अगदी वरचा, मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ थर चिकट राहतो, तोही नव्या थरात मिसळून जातो.

हे भांडवल टिकत नाही. पहिल्या दिवसभरात क्युअरिंग आतल्या आत पुढे सरकते आणि मोकळे बंध कमी होतात. न जुळलेले सुटे मोनोमर (रेझिनचे मूळ रेणू) लाळेत झिरपून निघून जातात. रेझिन पाणी शोषून घेते, थोडे फुगते, मऊ पडते. कंपोझिटमधील काचेचे कण रेझिनला सिलेन नावाच्या ज्या रसायनाने जोडलेले असतात, तो दुवाही पाण्याने तुटत जातो. रे बोवेन यांच्या नावे १९६२ साली जे पेटंट निघाले आणि ज्यावर आजची सगळी कंपोझिट उभी आहेत, त्याचा गाभाच मुळी सिलेन लावलेले सिलिका कण आणि रेझिन यांची सांगड हा होता. वर्षानुवर्षे तोंडात राहिलेल्या फिलिंगच्या पृष्ठभागावर हीच सांगड सैल झालेली असते. त्यावर पॉलिशिंगने आलेला गुळगुळीतपणा, लाळेतील प्रथिनांचा पापुद्रा आणि डाग हे वेगळेच.

म्हणून दुरुस्तीचा जोड तीन गोष्टींवर उभा राहतो: जुन्या रेझिनमध्ये अजून उरलेले थोडे मोकळे बंध, खरवडल्यामुळे उघड्या पडलेल्या काचेच्या कणांना सिलेनने दिलेला हात, आणि खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत शिरून घट्ट झालेले नवे रेझिन. पहिला आधार तुटपुंजा आहे आणि तो वाढवणे आपल्या हाती नाही. दुसरा उपयोगी आहे, पण अटींसह. खरा भार तिसरा आधार उचलतो. प्रयोगशाळेतील चाचण्यांत वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांपासून खूप दूर असतात आणि क्रमवारीही बदलते, पण एक निष्कर्ष जवळजवळ सगळीकडे सारखा येतो: पृष्ठभाग खडबडीत न करता केलेली दुरुस्ती सर्वांत कमकुवत असते, मग वरून काहीही लावलेले असो.

हे लक्षात घेतले की सर्वांत मोठा गैरसमज आपोआप दूर होतो. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून जे दाखवले, ते इनॅमलमधील खनिज आम्लात विरघळते म्हणून शक्य झाले. कंपोझिटमध्ये तसे खनिज नाही. आज वापरात असलेले ३७ टक्के आम्लाचे एचंट जुन्या कंपोझिटवर कितीही वेळ ठेवले तरी त्यात खाचा पडत नाहीत. बरचा भुगा आणि मळ निघून जातो एवढेच. ते उपयोगाचे आहेच, पण एचिंग केले म्हणजे पकड तयार झाली असे मानून थेट बाँड लावणे हेच वारंवार निखळणाऱ्या दुरुस्तींचे सर्वांत सामान्य कारण आहे.

खरवडण्याचे काम

प्रत्येक दवाखान्यात हाताशी असलेले साधन म्हणजे डायमंड बर. त्यातही निळ्या किंवा हिरव्या पट्टीचा, म्हणजे शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास कणांचा बर घ्यावा. लाल आणि पिवळ्या पट्टीचे बर फिनिशिंगसाठी आहेत. त्यांनी केलेला पृष्ठभाग डोळ्यांना मळकट दिसला तरी खडबडीतपणाच्या दृष्टीने तो जवळजवळ पॉलिश केल्यासारखाच असतो. पाण्याचा फवारा चालू ठेवून, जुन्या कंपोझिटचा सर्वांत वरचा, पाण्याने सैल झालेला थर काढून टाकणे हा हेतू असावा. नुसते दोन ओरखडे मारून भागत नाही. कडेला जुन्या कंपोझिटवर आणि लगतच्या इनॅमलवर एक ते दोन मिलिमीटरचा उतार दिल्यास चिकटण्याचे क्षेत्र वाढते आणि जोडाची रेषाही दिसेनाशी होते. पटाशीच्या दाताच्या कडेचा टवका असेल तर केवळ तुटलेल्या काठावर भर देणे पुरत नाही; ओठाच्या बाजूने उतार आणि टाळूच्या बाजूने थोडा विस्तार घेतल्याखेरीज तो तुकडा चाव्याच्या ताणाला उभा राहत नाही.

बरने पडलेल्या खाचा मोठ्या आणि एका दिशेने असतात. ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा मारा, म्हणजे सँडब्लास्टिंग, केल्यास त्यावर बारीक आणि सर्व दिशांच्या खाचांची जाळी तयार होते, आणि बाँडला शिरायला जागा मिळते. सुमारे दोन ते तीन बार दाब, टोक दातापासून साधारण एक सेंटिमीटर दूर, आणि हात हलता ठेवून पाच ते दहा सेकंद एवढे पुरते. जास्त वेळ मारल्याने पकड वाढत नाही. कडा मात्र गोल होतात आणि शेजारी उघडे असलेले इनॅमल झिजते. शेजारच्या दाताला धातूची मॅट्रिक्स पट्टी लावावी, रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) आणि जोरदार सक्शन असल्याखेरीज हे करू नये, आणि हिरडीच्या फटीत किंवा जखमेवर झोत जाऊ देऊ नये, कारण दाबाखालची हवा ऊतींत शिरून सूज येऊ शकते. दम्याच्या रुग्णाच्या बाबतीत बरवरच थांबणे बरे. ज्यांच्याकडे हे उपकरण नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही: खरखरीत बर, त्यानंतर एचंटने साफसफाई आणि नीट लावलेला बाँड यांनी होणारी दुरुस्ती रोजच्या कामाला पुरेशी असते.

सिलिकाचा लेप असलेली ३० मायक्रॉनची वाळू, जी कोजेट या नावाने दंतवैद्यांना परिचित आहे, ती खडबडीतपणा देते आणि त्याच वेळी माऱ्याच्या जोराने पृष्ठभागात सिलिकाही रुतवते. त्यामुळे सिलेनला धरायला अधिक जागा मिळते. ही पद्धत चांगली आहे, पण मारा केल्यानंतर पृष्ठभाग पाण्याने धुवायचा नसतो, फक्त हवेने धूळ उडवायची असते. ज्या पोकळीत इनॅमल आणि डेंटिनही उघडे आहेत आणि त्यांना एचिंग करून धुणे भाग आहे, तिथे हा क्रम जमवणे अवघड जाते. म्हणून जिथे जवळजवळ सगळा पृष्ठभाग जुन्या कंपोझिटचाच आहे, तिथे तिचा वापर करणे सोयीचे.

हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल स्पष्टच लिहावे लागेल. सिरॅमिकच्या क्राउनसाठी ते प्रयोगशाळेत वापरले जाते म्हणून कंपोझिटलाही चालेल, हा तर्क चुकीचा आहे. ते काचेचे कण विरघळवते आणि मागे सच्छिद्र, कमकुवत रेझिनची चाळण उरते. कोणत्या कंपोझिटमध्ये कोणते कण आहेत यावर परिणाम बदलतो, आणि दुसऱ्या दवाखान्यात भरलेल्या फिलिंगमध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ते उघड्या डेंटिनवर गेले तर तिथली पकड बिघडते, आणि हिरडीवर किंवा कातडीवर गेले तर खोलवर भाजते. तोंडात कंपोझिटच्या दुरुस्तीसाठी ते वापरू नये. लेझरचाही उल्लेख होतो. एर्बियम लेझरने पृष्ठभाग खडबडीत होतो हे खरे, पण केवळ यासाठी ते उपकरण घ्यावे असा त्याचा बर किंवा सँडब्लास्टिंगपेक्षा ठोस फायदा नाही.

सिलेन आणि युनिव्हर्सल बाँड

सिलेनच्या रेणूचे एक टोक काचेला आणि दुसरे रेझिनला जोडले जाते. काचेकडच्या टोकाला आधी पाण्याची क्रिया होऊन ते सक्रिय व्हावे लागते, आणि ही क्रिया सौम्य आम्लात चांगली होते. यातूनच त्याची अडचणही निर्माण होते: सक्रिय झालेले रेणू काच मिळाली नाही तर एकमेकांनाच चिकटतात आणि निकामी होतात. एका बाटलीतले तयार सिलेन त्यामुळे अल्पायुषी असते. स्वच्छ पारदर्शक असायला हवे ते द्रावण दुधाळ किंवा गढूळ दिसू लागले की मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावे. जिथे वापर महिन्यातून दोन-तीनदाच होतो, तिथे दोन बाटल्यांचे, वापराच्या वेळी मिसळायचे सिलेन अधिक भरवशाचे.

अनेक युनिव्हर्सल, म्हणजे वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालणाऱ्या, बाँडच्या खोक्यावर सिलेन समाविष्ट असल्याचे छापलेले असते, आणि त्यामुळे वेगळे सिलेन लावायची गरज नाही असे समजले जाते. या बाँडमध्ये सिलेनबरोबर पाणी आणि टेन-एमडीपीसारखे आम्लधर्मी मोनोमर एकाच बाटलीत असतात. म्हणजे सिलेनला सक्रिय करणारी आणि नंतर निकामी करणारी परिस्थिती बाटलीतच अखंड चालू असते. टेन-एमडीपी स्वतः गुणी रेणू आहे. दातातील कॅल्शियमशी आणि झिर्कोनिया या सिरॅमिकशी त्याचे चांगले जमते, आणि काही कंपोझिटमध्ये झिर्कोनियायुक्त कण असल्याने तिथेही त्याचा उपयोग होतो. पण काचेच्या कणांसाठी बाटलीतल्या सिलेनवर विसंबणे धोक्याचे.

वेगळे सिलेन लावल्याने कंपोझिटच्या दुरुस्तीला किती फायदा होतो याबाबत निष्कर्ष मात्र सिरॅमिकइतके एकमुखी नाहीत, आणि त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे: सिरॅमिकच्या पृष्ठभागावर सगळीकडे काच असते, तर कंपोझिटमध्ये ती रेझिनने वेढलेली असते आणि खरवडल्यावर जेवढी उघडी पडेल तेवढीच सिलेनच्या वाट्याला येते. माझे मत असे की सँडब्लास्टिंग केले असेल, पोकळीत मुख्यतः जुने कंपोझिट असेल आणि सिलेन ताजे असेल, तर त्याचा एक मिनिट खर्च करावा. बारीक ब्रशने ते फक्त जुन्या कंपोझिटवर लावावे, डेंटिनवर पसरू देऊ नये, साठ सेकंद थांबावे आणि कोरड्या हवेने पूर्ण वाळवावे. न वाळलेले सिलेन हा जोडाच्या मधोमध ठेवलेला ओला थर ठरतो. त्यापेक्षा ते न लावलेले चांगले.

बाँड लावताना ब्रशने वीस सेकंद घासत राहावे. घासल्याने पातळ रेझिन खाचांत शिरते; नुसते माखून सोडल्यास ते वरवर राहते. मग हवा मंद ठेवून सुरुवात करावी आणि थर हलायचा थांबेपर्यंत, किमान पाच सेकंद, ती वाढवत न्यावी. कोपऱ्यात साचलेला बाँड कोरड्या मायक्रोब्रशने टिपावा. एक्स-रेमध्ये जोडाखाली काळी रेष दिसून पुढे कीड असल्याची शंका येते, ती कित्येकदा या साचलेल्या, क्ष-किरणांना न अडवणाऱ्या बाँडची असते. त्यानंतर फ्लोएबल, म्हणजे सहज वाहणाऱ्या, कंपोझिटचा अगदी पातळ थर दिला तर खडबडीत पृष्ठभागात हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

लाळ, ओलावा आणि हवेतले तेल

सगळे टप्पे नीट करूनही दुरुस्त्या निखळत असतील, विशेषतः एकाच महिन्यात अनेक रुग्णांच्या, तर संशय कॉम्प्रेसरवर घ्यावा. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणा कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचतो, आणि टाकी रोज रिकामी केली नाही तर ते थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी मारणाऱ्या नळीतून) सूक्ष्म तुषारांच्या रूपाने थेट खरवडलेल्या कंपोझिटवर येते. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा अंशही त्याबरोबर येतो. चाचणी साधी आहे: सिरिंजच्या हवेचा झोत स्वच्छ कोरड्या आरशावर एक-दोन सेंटिमीटरवरून काही सेकंद मारावा. आरशावर ठिपके किंवा तेलकट पापुद्रा दिसला तर त्या दिवशी कोणतीही दुरुस्ती टिकणार नाही. टाकी दररोज रिकामी करणे, ओलावा आणि तेल अडवणारा फिल्टर बसवून तो वेळेवर बदलणे, हा या तक्रारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. हँडपीसला (बर फिरवणाऱ्या यंत्राला) तेल दिल्यानंतर तो काही सेकंद मोकळा फिरवूनच तोंडात न्यावा, तेही याच कारणासाठी.

बाँडची बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर ती वापराच्या बऱ्याच आधी बाहेर काढावी. गार बाटली दमट हवेत उघडली की तोंडाशी पाणी धरते, आणि गार बाँड घट्ट असल्याने खाचांत नीट शिरतही नाही. उलट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटलीचे झाकण उघडे राहिले किंवा थेंब आधीच काढून ठेवला तर ॲसिटोन किंवा अल्कोहोल उडून जाते आणि उरलेला दाट द्रव पसरत नाही. थेंब लावण्याच्या क्षणीच काढावा.

लाळेचा प्रश्न रबर डॅमने सुटतो. मागच्या दाढांत नुसत्या कापसाच्या बोळ्यांवर विसंबून केलेली दुरुस्ती टिकली तर तो योगायोग समजावा. सिलेन किंवा बाँड लागल्यावर लाळ आली तर हवेने वाळवून पुढे जाऊ नये. धुऊन, वाळवून, पृष्ठभाग पुन्हा हलका खरवडून क्रम पहिल्यापासून सुरू करावा. हिरडीतून रक्त येत असल्याने रक्त थांबवणारे द्रावण वापरले असेल तर ते एचंटने आणि भरपूर पाण्याने काढून टाकावे लागते, कारण त्याचे अवशेषही पकड बिघडवतात.

मिसरी, तंबाखू, पान किंवा गुटख्याची सवय असलेल्या रुग्णांत जुन्या कंपोझिटवर जो काळपट थर बसलेला असतो, तो काढण्यासाठी प्युमिस पूड नुसत्या पाण्यात कालवून वापरावी. तेल आणि सुगंधी द्रव्ये असलेली पॉलिशिंग पेस्ट इथे उपयोगाची नाही. त्याच जागी आधी युजेनॉलयुक्त (लवंगतेलातील द्रव्य असलेले) तात्पुरते सिमेंट बसले असेल तर त्याचा स्पर्श झालेला थर बरने काढावा, कारण युजेनॉल रेझिनला घट्ट होऊ देत नाही. आणि रुग्णाने नुकतेच दात ब्लीच करून घेतले असतील तर एक-दोन आठवडे थांबावे. पेरॉक्साइडमधून मागे राहिलेला ऑक्सिजन तेच काम करतो. लग्नसराईत ब्लीचिंग आणि कोपरा दुरुस्त करणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात उरकून द्या असा आग्रह होतो. तेव्हा ब्लीचिंग आधी, दुरुस्ती नंतर, आणि मधला अवकाश न सोडता येत असेल तर ब्लीचिंग पुढे ढकलावे. दुरुस्तीचा रंग ब्लीचनंतर जुळणार नाही, हेही रुग्णाला तेव्हाच सांगावे.

प्रकाश आणि चावा

क्युरिंग लाइट, म्हणजे कंपोझिट घट्ट करणारा दिवा, निळा दिसतो याचा अर्थ तो पुरेसा आहे असा नव्हे. आठशे मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रतेने वीस सेकंद दिल्यास चौरस सेंटिमीटरमागे १६ ज्यूल ऊर्जा मिळते, जी दोन मिलिमीटरच्या थराला साधारणपणे पुरते. तीव्रता निम्मी झाली तर वेळ दुप्पट करावा लागतो. टोकावर चिकटून वाळलेले कंपोझिट, जुनी बॅटरी आणि तिरका धरलेला हात यांनी ती निम्मी सहज होते. रेडिओमीटरने महिन्यातून एकदा मोजून ठेवावे. दाढेच्या बाजूच्या खोल पोकळीत टोक तळापासून दूर राहते, तिथे पहिल्या थराला जादा वेळ द्यावा.

चाव्याची तपासणी नुसते दात मिटून करू नये. आर्टिक्युलेटिंग पेपर (चाव्याचे ठसे उमटवणारा रंगीत कागद) ठेवून जबडा पुढे आणि बाजूला सरकवायला सांगावा. पटाशीच्या दाताचा तोच कोपरा वारंवार जात असेल, तर जबडा पुढे नेताना पूर्ण भार त्या एका टोकावर येत असण्याची शक्यता मोठी असते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड न देता दुरुस्ती करणे म्हणजे पुढच्या भेटीची तारीख ठरवून ठेवणे.

दुरुस्ती कधी करू नये

समोर आलेले फिलिंग खरोखर कंपोझिटच आहे का, हेही तपासावे. हवेने कोरडे केल्यावर खडूसारखे पांढरट पडणारे फिलिंग बहुधा ग्लास आयनोमर या वेगळ्या सिमेंटचे असते, आणि त्याला वरील क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश देणारी टॉर्च अंधाऱ्या खोलीत लावली तर अनेक कंपोझिट दातापेक्षा वेगळ्या तेजाने चमकतात. त्यावरून फिलिंगची हद्दही कळते आणि ते किती उरले आहे तेही.

कडेचा तपकिरी डाग म्हणजे कीड नव्हे, म्हणून केवळ डागासाठी फिलिंग काढू नये. डागाच्या जागी बरने छोटी चर घेऊन आत मऊ डेंटिन लागते का ते पाहावे. कडेपाशी मर्यादित कीड असेल तर तेवढी काढून दुरुस्ती होते. ती फिलिंगच्या खाली पसरत गेलेली असेल, प्रोबने जुने फिलिंग हलत असेल, दात आपोआप किंवा रात्री ठणकत असेल, किंवा सुटलेल्या तुकड्याबरोबर दर खेपेस जुन्या कंपोझिटचा थर निघून येत असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडून फिलिंग नव्याने करावे. सर्व टप्पे, कोरडी हवा, रबर डॅम आणि चावा तपासूनही त्याच जागी दुसऱ्यांदा सुटले, तरी तिसरी दुरुस्ती करू नये. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कोणता बर, सँडब्लास्टिंग केले की नाही, कोणते सिलेन, कोणता बाँड आणि कोणते कंपोझिट वापरले, हे रुग्णाच्या कागदावर एका ओळीत लिहून ठेवावे. रुग्ण दुसऱ्या गावी राहायला गेला तर त्या ओळीचा फोटो त्याच्याकडे असू द्यावा, म्हणजे पुढच्या दंतवैद्याला बर लावण्याआधीच समोर काय आहे ते कळेल.